मागे बसणारीचा वेग

एकदा एका तालुक्याच्या गावात एक म्हातारा मिस्तरी राहत असे. तरुणपणी त्याने सायकलींची पंक्चरं काढली, पुढे मोपेड खोलल्या, आणि सत्तरी गाठता गाठता विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं कामही शिकून घेतलं. लोक विचारत, या वयात कशाला ही उठाठेव? तो म्हणे, चाक तेच आहे, फिरवणारा बदललाय.

त्याच्या हाताखाली एक शिष्या होती. तिशीची, अंगाने काटक. बाईमाणूस गाड्या खोलतं म्हणून गाव आधी हसलं, मग आपापल्या गाड्या घेऊन तिच्याच दारात आलं. गावाचं असंच असतं. तीन वर्षांत ती सगळं काम शिकली होती. म्हाताऱ्याच्या एकाच गोष्टीचा अर्थ तिला लागत नव्हता.

ती गोष्ट अशी. विजेच्या ज्या लहान गाड्यांना लायसन लागत नाही आणि नंबरची पाटी लागत नाही, त्या ताशी पंचवीसच्या वर पळत नाहीत. पळू शकत नाहीत असं नव्हे, त्यांना पळू दिलं जात नाही. सीटच्या खाली एक पेटी असते, तिच्यातून एक बारीक पांढरी तार बाहेर आलेली असते आणि तारेच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा जोड असतो. बऱ्याच गाड्यांत तो जोड उपसला की मर्यादा गेली, गाडी चाळीस-पंचेचाळीसला जाते. दोन मिनिटांचं काम. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि समोरच्या दोन दुकानांत ते राजरोस चालत असे.

म्हातारा मात्र अशा गिऱ्हाइकाला होही म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. तो एवढंच विचारी, "तुमच्या मागं कोण बसतं?"

गिऱ्हाईक सांगे, बायको बसते, आई बसते, लेक बसते.

"त्यांना घेऊन या. मग बघू."

बहुतेक जण परत येत नसत. समोरच्या दुकानात जात.

शिष्या चिडे. "बाबा, काढायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. माणसाला हेलपाटा कशाला?"

"मी कुठं नाही म्हणतो?"

"मग काढून द्या."

"मागचं माणूस येऊ दे."

एवढं म्हणून तो पान्हा उचलून कामाला लागे.

एके दिवशी दुपारी भानुदास नावाचा एक माणूस गाडी घेऊन आला. त्याची बायको केवळा गावापासून आठ किलोमीटरवरच्या सूतगिरणीत कामाला होती. गिरणीचं फाटक सकाळी आठला बंद होई. अंगठा आठच्या आत उमटला तर हजेरी, नाहीतर उशीर. महिन्यात तीन उशीर झाले की नाव कमी. केवळाचे दोन झाले होते आणि महिना संपायला अजून बारा दिवस होते. घर तिच्या पगारावर चाललं होतं. भानुदासचा हातमाग बंद पडून वर्ष झालं होतं.

"रोज मीच सोडतो तिला," भानुदास म्हणाला. "साडेसातला निघतो. नळ सव्वासातला जातो, त्याच्या आधी घर सोडता येत नाही. आणि ही गाडी म्हणजे गोगलगाय. तेवढी तार उपसा."

"मागं त्याच बसतात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो."

"त्यांना घेऊन या."

"तिला कशाला? गाडी मी चालवतो."

"म्हणूनच."

भानुदासला राग आला. "मिस्तरी, तुम्हाला दुसऱ्याच्या पोटाची पर्वा नाही. उद्या तिसरा उशीर झाला तर तुम्ही देणार का तिला काम?" असं म्हणून त्याने गाडी वळवली.

शिष्येने हे सारं ऐकलं. तिला वाटलं, याला काय शहाणपण म्हणायचं? एका बाईची भाकर दोन मिनिटांच्या कामावर अडली आहे आणि हा म्हातारा कोडी घालत बसलाय. ती पाणी भरायच्या निमित्ताने मागच्या बाजूने निघाली आणि कोपऱ्यावर तिने भानुदासला थांबवलं. सीट उचलली, जोड उपसला, सीट बसवली.

"जा. बाबांना सांगू नका."

"देव भलं करो तुमचं, ताई."

हेतू चांगला होता. जगातली निम्मी नासाडी चांगल्या हेतूने झालेली आहे, पण ते असो.

दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शिष्येने स्वतःच म्हाताऱ्याला सांगून टाकलं. लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि तिला खात्री होती की आपण बरोबर आहोत.

"त्या गिरणीवाल्या बाईच्या गाडीचा जोड मी काढला. तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

म्हातारा उठला. त्याने दुकानातली जुनी गाडी बाहेर काढली. तिचाही जोड उपसला. मग डबा ठेवायची पिशवी शिष्येच्या हातात दिली आणि म्हणाला, "बस मागं. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बस, लुगडं नेसलेल्या बाया बसतात तशी. पिशवी मांडीवर."

"हे काय नवीन?"

"बस तर."

आता ही बाई काही भित्री नव्हती. दुरुस्त केलेल्या गाड्या तपासायला तिने याच रस्त्यावरून, याच वेगाने, शंभर वेळा फेऱ्या मारल्या होत्या. ती हसत बसली. सत्तरीच्या म्हाताऱ्याने मूठ पिळली आणि गाडी गिरणीच्या रस्त्याला लागली.

पहिल्या वळणालाच तिचं हसू गेलं. पुढे काय आहे ते तिला दिसत नव्हतं, म्हाताऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. खड्डा यायचा तो आधी चाकाला कळायचा, मग म्हाताऱ्याला, आणि शेवटी तिच्या मणक्याला. एका हाताने ती मागची दांडी धरून होती, दुसऱ्या हातात पिशवी. पाय टेकवायला जागा होती ती टाचेएवढी. कालव्याच्या पुलाजवळ गतिरोधक आला. म्हाताऱ्याने ब्रेक दाबला, पण दोन माणसांच्या ओझ्याची गाडी थांबायला तयार नव्हती. ती तशीच गतिरोधकावरून उडाली. शिष्या सीटवरून वीतभर सरकली. पिशवी सोडून तिने म्हाताऱ्याचा सदरा धरला, तर त्याची दोन बटणं तुटून रस्त्यात गेली.

"बाबा, हळू."

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, तेही ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा तिने पाठीत बुक्की मारली तेव्हा गाडी थांबली.

"काय झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काय झालं काय? मारताय का मला?"

"मला तर गाडी हळूच वाटत होती."

ती खाली उतरली. दांडी धरलेला हात उघडेना. दुसऱ्या हाताने तिने एकेक बोट सोडवलं.

तिथेच कालव्याच्या कठड्याला टेकून म्हातारा बोलला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एवढं बोलला. "पोरी, वेग वाईट नसतो. पंचेचाळीसची गाडी हवी तर पाटीची घ्यावी, रीतसर घ्यावी, तिला ब्रेकही पंचेचाळीसचा असतो. हिला तो पंचविसाचाच दिलाय. पंचवीसला ही गाडी जेवढ्या जागेत थांबते, त्याच्या तिप्पट जागा तिला पंचेचाळीसला लागते. हे तू मला शिकवशील एवढं तुला येतं. पण हे चालवणाऱ्याला सांगून उपयोग नाही. ज्याच्या हातात मूठ आहे त्याला वेग नेहमी कमीच वाटतो. भीती मागच्या सीटवर बसलेली असते आणि ती बोलली तरी पुढं ऐकू येत नाही. म्हणून मी म्हणतो, मागचं माणूस आणा. मी नाही म्हणत नाही. नाही म्हणायचा अधिकार ज्याचा आहे, त्याला बोलावतो."

शिष्या मागे जाऊन रस्त्यात पडलेली पिशवी घेऊन आली. मग म्हणाली, "आणि तिचं काम गेलं असतं तर?"

"तेही तिलाच विचारायला हवं होतं. मला नाही, तुला नाही."

त्याच संध्याकाळी दोघं भानुदासच्या घरी गेले. केवळा दाराशी कणीक मळत बसली होती. म्हाताऱ्याला बघून तिने डोक्यावर पदर घेतला. 'सांगू नका' हे विसरून भानुदास मोठ्या उत्साहाने पुढे आला.

"मिस्तरी, तुम्ही नाही म्हणालात, पण ताईंनी केलं. दोन दिवस वेळेवर पोचतोय आम्ही."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला आणि केवळाकडे वळला. "तुम्हाला कसं वाटतं?"

केवळाने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग परातीकडे पाहून बोलली. "वेळेवर पोचते. पण गिरणीत गेल्यावर तास दीड तास हात थरथरतो. सुताचं टोक टोकाला लागत नाही. काल मुकादम म्हणाला, रात्री ताप होता का."

"अगं, मला बोलली नाहीस," भानुदास म्हणाला.

"बोलले. चार वेळा बोलले. पुलावर तर ओरडले. तुम्ही म्हणालात, बघ कशी पळतीय."

भानुदास खाली बघू लागला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. घाईतला माणूस वाईट माणसाएवढंच नुकसान करतो, फक्त मागाहून रडतो.

"आणि एक," केवळा म्हणाली. आता तिची भीड चेपली होती. "चाकाचा जळका वास येतो. आधी कधीतरी यायचा, आता रोज येतो. आणि हे म्हणतात गाडी पंचवीसलाच अडते. तार काढायच्या आधी ती पंचवीसला कधी जातच नव्हती. मी यांच्या खांद्यावरून काटा बघते रोज, मला दुसरं काम काय मागं बसून? सोळा. फार तर सतरा."

सोळा-सतरा म्हणजे चाकच कुठंतरी अडतंय, हे शिष्येला तत्काळ कळलं. ती उठली, अंगणात गेली, गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अर्ध्यावर थांबलं.

"ब्रेक कुणी आवळला?" तिने विचारलं.

"मीच," भानुदास म्हणाला. "दिवाळीत. दोघं बसल्यावर नीट लागत नव्हता म्हणून दोन फेरे जास्त दिले."

ब्रेक कायमचाच घासत होता. पाय बांधलेल्या बैलाला आसूड मारावा, तसं त्या गाडीचं दोन दिवस चाललं होतं. आणि पायाचं दावं न सोडता आसूड हातात देणारी कोण, तर ही शिष्या. कोणतीही गाडी हातात आली की आधी चाक फिरवून बघायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. तीन वर्षांची कारागीर तो विसरली, कारण दया करायची घाई झाली होती. म्हातारा मात्र हे सांगून मोठेपणा घ्यायला गेला नाही. "मलाही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मी तरी कुठं चाक फिरवलं होतं?"

शिष्येने ब्रेक सैल केला, आतली पट्टी घासून काळी पडली होती ती बदलली, हवा भरली. आता चाक हाताच्या एका झटक्यावर दहा-बारा फेरे फिरत राहिलं. मग तिने सीट उचलली आणि पांढऱ्या तारेची दोन टोकं हातात धरून म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतेस?" म्हातारा म्हणाला.

तेव्हा ती केवळाकडे वळली. "वहिनी, आता गाडी पंचवीसने पळेल. आठ किलोमीटरला वीस मिनिटं. साडेसातला निघालात तर आठला दहा कमी असताना पोचाल. जोडू, की राहू दे अशीच?"

भानुदासने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. संसारातलं त्याचं ते पहिलं शहाणपण.

"जोडा," केवळा म्हणाली आणि पुन्हा कणकेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्या दुकान न उघडता गिरणीच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. आठला दहा मिनिटं कमी असताना केवळा उतरली, पदर सारखा केला आणि सरळ आत जाऊन अंगठा उमटवला. तिचं नाव त्या महिन्यात गेलं नाही, पुढेही गेलं नाही.

पण शिष्या लगेच परतली नाही. फाटकावर आसपासच्या गावांतून गाड्या येतच होत्या. कुणी नवऱ्याच्या मागे, कुणी दिराच्या, कुणी लेकाच्या. गाडी थांबे, बाई उतरे, आणि अंगठा टेकवण्याआधी हात दोन-तीनदा उघडझाप करी, बोटं झाडी, मग यंत्राकडे जाई. एक झाली, दुसरी झाली, दहावी झाली. गाड्या चालवणारे तोवर वळून निघूनही गेलेले असत. एकानेही मागे वळून पाहिलं नव्हतं.

भोंगा होईपर्यंत ती असे हात मोजत राहिली. मग दुकानात आली आणि म्हाताऱ्याच्या शेजारी बसून त्याच्या सदऱ्याला दोन बटणं लावून दिली. 

घराची, गावाची, कशाचीही मूठ ज्यांच्या हातात आहे, त्यांनी आपला वेग काट्यावर बघू नये. मागच्या माणसाच्या हातांकडे बघावं.