बाशिंग बांधलेलं बुजगावणं

एक होता राजा. पण तो आपल्या गोष्टीत शेवटी शेवटी येतो, तोवर त्याला झोपू दे. तुम्ही मात्र एवढ्यात झोपायचं नाही, बरं का. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

त्या राजाच्या राज्यात एका गावात कुशाबा नावाचा बाशिंगवाला राहायचा. बाशिंग म्हणजे नवरदेवाच्या कपाळावर बांधतात ना, ते. भेंडाचा पांढरा हलका गाभा कातरायचा, सोनेरी बेगडाने मढवायचा, खाली मोत्यांच्या लडी सोडायच्या. कुशाबाचं बाशिंग असं लखलखायचं, की रुसून बसलेला नवरदेवसुद्धा ते बांधल्यावर हसायला लागायचा.

त्या घरात एक रीत होती. बाशिंगाचं माप कधी डोक्यावर घ्यायचं नाही. का? तर कपाळावर बाशिंगाची गाठ बसली की तो नवरदेव झाला. मग तो माणूस असो नाहीतर घराचा खांब असो. लग्न लावल्याशिवाय ती गाठ सोडता येत नाही. म्हणून माप घ्यायचं ते गुडघ्यावर. लोक हसायचे. पण त्या घरात खरोखरच गुडघ्याला बाशिंग बांधत.

मग काय झालं, वैशाखात कुशाबाचंच लग्न झालं. सगुणा नावाची बायको घरात आली. बोलायची कमी, बघायची फार. तिने बघितलं, घरात दिवसभर गिऱ्हाइकं येतात, सासूबाई पाहुण्यांना गूळपाणी देऊन देऊन दमतात. तिला वाटलं, केवढ्या भरल्या घरात आले मी!

मग आषाढ लागला. लग्नं थांबली. गिऱ्हाइकं थांबली. भेंडाला बुरा धरला. आणि सगुणाने बघितलं, की सासूबाई सकाळी चूल पेटवतात, वर पातेलं ठेवतात, आणि पातेल्यात नुसतं पाणी असतं.

"आत्याबाई, यात काय शिजतंय?"

"धूर शिजतोय," सासू म्हणाली. "शेजाऱ्यांना दिसायला नको होय?"

सगुणा शेतकऱ्याची लेक. माहेरी ती बुजगावणी करायची. कडबा, काठ्या, फाटकं धोतर आणि डोक्याला मडकं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पेरण्या झाल्यात. पाखरं बी उकरून खातायत. मी चार बुजगावणी करून विकू का? तुमचा हंगाम येईस्तोवर."

कुशाबा असा दचकला, जणू तिने भीक मागायची गोष्ट काढली. "बाशिंगवाल्याची बायको बुजगावणी करणार? त्याच हातांनी? मग कार्तिकात कोण येईल आपल्याकडे? म्हणतील, बुजगावण्याचं उरलेलं आमच्या पोराच्या कपाळाला लावतात!"

सगुणा गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, बरं का.

मागच्या पडक्या गोठ्यात ती गुपचूप बुजगावणी करायला लागली. गावाबाहेरच्या मळ्यात हौसाक्का म्हणून एक शेतकरीण होती, ती सुपभर बाजरी देऊन ती घ्यायची. हौसाक्काने विचारलं, "कुणी केलीत गं?" सगुणा म्हणाली, "माझी मावशी करते." घरी सासूने विचारलं, "ही बाजरी कुठली?" सगुणा म्हणाली, "माझ्या मावशीने धाडली."

आता मावशी होतीच कुठे? पण तिची कीर्ती फार झाली. सासू म्हणायची, "अशी माणसं मिळत नाहीत हो!" एकदा तर मावशीसाठी सासूने तिळाचे लाडू बांधून दिले. सगुणाने ते गोठ्यात बसून खाल्ले. घास काही गोड लागला नाही, पण खाल्ले.

मग भाद्रपद आला. बाजरीला कणसं आली. हौसाक्का सगुणाला म्हणाली, "तुझ्या मावशीला सांग, तिचं बुजगावणं फार गरीब स्वभावाचं आहे. पोपट त्याच्या खांद्यावर बसून कणीस खातात."

सगुणाला फार लागलं ते. घरात एक मोडकं बाशिंग कोपऱ्यात पडलं होतं. तिने विचार केला, उन्हात चमकेल, पाखरं भितील. ती मळ्यात गेली. बुजगावण्याच्या मडक्याला बाशिंग लावलं आणि बोटांनी सवयीने मागे गाठ मारली. घट्ट. बाशिंगवाल्यांच्या घरची गाठ.

आणि गाठ बसताच मडक्यावरचे चुन्याचे डोळे मिटले, आणि उघडले.

सगुणा पळत सुटली. तिला रीत आठवली, पण आता आठवून काय उपयोग?

पाखरं तर अशी उडाली की पुन्हा फिरकली नाहीत. पण ते बुजगावणं... आता 'ते' कसलं, 'तो' म्हणायचा. नवरदेव झाला ना!

दुसऱ्या दिवशी तो मागच्या दाराशी आला. कडब्याच्या पायांनी, सळसळ सळसळ.

"आई," तो म्हणाला, "माझी नवरी कुठाय?"

आत सासूचा आवाज. "मी नाही तुझी आई," सगुणा म्हणाली आणि दार लावून घेतलं. बाहेर पाऊस पडत होता. तो बराच वेळ वळचणीला उभा राहिला आणि मग निघून गेला.

मग तो पुन्हा आला. या खेपेला पुढच्या दाराने. सासू ओट्यावर बाजरी निवडत होती.

"कोण रे तू?" सासूने विचारलं. "कुणाचा?"

त्याने सगुणाकडे बघितलं. सगुणाने भिंतीकडे बघितलं.

"कुणी वेडा असेल, आत्याबाई. मी नाही ओळखत."

"पण बाशिंग आपल्या घरचं दिसतंय गं!"

आणि सगुणाच्या तोंडून निघून गेलं, "चोरलं असेल."

बाळांनो, असा एक शब्द असतो. तोंडातून निघतो तेव्हा कापसासारखा हलका, आणि निघाल्यावर जात्याएवढा जड. त्या नवरदेवाचा एक हात गळून ओट्यावर पडला. त्याने तो उचलला, काखेत धरला आणि निघून गेला. सासूने मात्र गावभर केलं, "आमचं बाशिंग चोरीला गेलं!"

सगुणाला रात्रंदिवस तेच ऐकू यायचं. चोरलं असेल. चोरलं असेल. मावशीची बाजरी तिच्या घशाखाली उतरेना.

मग कार्तिक आला. तुळशीची लग्नं लागली. आणि आता आपला राजा जागा झाला! राजपुत्राचं लग्न ठरलं होतं. माप द्यायला राजा स्वतः कुशाबाच्या दारी आला. राजपुत्र लाजून पालखीतून उतरेचना, म्हणून राजाने आपलाच गुडघा उघडा करून पुढे केला. सगळा गाव जमला. कुशाबाची छाती फुगली. अख्खा पावसाळा तो याच दिवसाची वाट बघत होता.

तेवढ्यात दोन शिपाई एकाला ओढत घेऊन आले. बाजरी काढून झाली होती, त्या बिचाऱ्याचाही हंगाम संपला होता. एकच हात, दुसरा काखेत धरलेला, भिजून काळा पडलेला कडबा, आणि कपाळावर बाशिंग.

"महाराज, हाच तो बाशिंगचोर!"

राजाने विचारलं, "बाशिंग कुठून आणलंस? कुणी बांधलं?"

सगुणा दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता हा बोट दाखवणार. आता सगळं जाणार. राजाचं काम, नवऱ्याचा मान, आपली अब्रू.

पण तो म्हणाला, "ठाऊक नाही, महाराज. मला आई नाही."

"कडब्याचा तर आहे," शिपाई म्हणाला. "शेकोटीला लावू या."

सगुणा बाहेर आली. कशी आली, तिचं तिला कळलं नाही. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मान वर होत नव्हती. कान तापले होते.

"हा चोर नाही," ती म्हणाली. "हा माझा आहे. मीच केला, बाशिंग मीच बांधलं. मी बुजगावणी करते. मावशी नाहीच."

कुशाबाच्या हातातली मापाची दोरी राजाच्या गुडघ्यावरच राहिली.

सासू हळूच म्हणाली, "म्हणजे ती बाजरी..."

"माझी, आत्याबाई."

"आणि मावशीचे लाडू?"

"मीच खाल्ले."

राजाला हसू आलं, पण त्याने मिशीत दाबलं. बायका कुजबुजल्या, "बाई बाई, या हातांनी!" सगुणाला वाटलं, जमीन फाटावी. सासूने एकदा त्या बायकांकडे बघितलं, एकदा चुलीकडे. मग मोठ्याने म्हणाली, "याच हातांनी आम्हाला चार महिने जेवू घातलंय. त्याआधी माझ्या पातेल्यात पाणीच होतं. ऐका सगळ्यांनी!"

हे बोलायला तिलाही सोपं गेलं नाही, बरं का. बोलून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं.

मग राजा म्हणाला, "बाशिंगवाल्या, तुमची रीत काय?"

कुशाबा खाली बघत होता. मग त्याने भेंडाचा एक कोरा तुकडा घेतला आणि कातरायला लागला.

"काय करतोस?" राजाने विचारलं.

"नवरीच्या मुंडावळ्या, महाराज. गाठ बसलीय. लग्न लावायलाच हवं."

सगुणाने नवा कडबा घेतला, नवं मडकं घेतलं आणि नवरी बुजगावणी उभी केली. सासूने तिला स्वतःचं जुनं हिरवं लुगडं नेसवलं. नवरदेवाचा गळलेला हात सगुणाने पुन्हा जोडला. जोडताना त्याच्या कानात काहीतरी म्हणाली, ते कुणाला ऐकू आलं नाही. हौसाक्काच्या मळ्यात लग्न लागलं. अक्षता खायला पोपट आले, चिमण्या आल्या, आणि त्या दिवशी नवरदेवाने कुणालाही हाकललं नाही.

पुढे काय झालं? हौसाक्काच्या मळ्यात जोडी उभी, म्हणून सगळ्यांनाच जोडी हवीशी झाली. मग दर आषाढात कुशाबा ओट्यावर बसून बुजगावण्यांची बाशिंगं करायचा आणि सगुणा त्याच्या शेजारी बसून बुजगावणी. उघड्यावर. सगळ्यांच्या देखत. कार्तिकात माणसांची लग्नं, पावसाळ्यात बुजगावण्यांची. पातेल्यात भात, भातावर आमटी.

ते 'चोरलं असेल' मात्र सगुणाला कधी विसरता आलं नाही. म्हणून प्रत्येक बुजगावण्याला शेतात धाडताना ती त्याच्या कानाशी वाकायची आणि म्हणायची, "कुणी विचारलं तर सांग, मी सगुणाचा."

राजा गेला आपल्या वाड्यात झोपायला. बुजगावणी जोडीजोडीने उभ्याउभ्याच झोपली. पाखरं घरट्यात गेली. आता तुमचेच डोळे तेवढे उघडे राहिलेत. मिटा बघू.