केरबाने नाव फोडलं नाही

एका गावात एक भोळा कॉम्प्युटर ऑपरेटर होता. नाव केरबा. नगरपालिकेत अकरा वर्षं रोजंदारीवर होता. गावकऱ्यांनी 'तक्रार' या पत्त्यावर मेल पाठवली, की ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एका फाईलीत उतरायला हवी होती. उतरत नव्हती. नगरपालिकेला त्याचं काही दुःख नव्हतं, पण वरून विचारणा झाली. तेव्हा मुख्याधिकारी डांगे साहेब म्हणाले, "केरबा, मेल फाईलीत उतरव. कायम करायला तुझं नाव वर पाठवतो."

केरबानं जिल्ह्याच्या इंजिनियरला, तांबोळीला, फोन लावला.

"'तक्रार' हा पत्ता घालून पत्त्यांची यादी बदललीस, ते सर्व्हरला सांगितलंस का?" तांबोळीनं विचारलं.

"नाही बा."

केरबा सर्व्हरच्या कपाटापाशी गेला. चपला काढल्या, हात जोडले. "सर्व्हरसाहेब, यादी बदललीय बरं का."

मेल काही उतरली नाही. तांबोळीनं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, तोंडानं नव्हे, कमांड देऊन! आणि फाईलीत लिहायची मुभा फक्त सर्व्हरला ठेव. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

मेल उतरू लागली. साहेब कौतुकानं वाचायला आले. केरबा आडवा आला. "हात लावू नका, साहेब."

"मूर्खा, तक्रार काय लोणचं आहे मुरत ठेवायला? ज्याचा संबंध असेल त्याला पाठवायची!"

बरं. सगुणाबाईंची तक्रार उतरली: नगरपालिकेचा नळवाला बजरंग आमच्या गल्लीला पाणीच सोडत नाही. संबंध बजरंगाचा. केरबानं बजरंगाला पाठवली. दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंचा नळच कापला गेला. बाई रिकामी घागर घेऊन थेट साहेबांच्या टेबलापाशी आल्या.

"गाढवा!" साहेब ओरडले. "नाव गुप्त ठेवायचं असतं! यापुढं फाईलीत जे काही उतरेल, त्यातलं नाव आधी खोड, मग मला दाखव. आणि मेलास तरी नाव फोडू नकोस!"

केरबानं कानाला हात लावला.

आठवड्यानं जिल्ह्याहून हुकूम आला. नगरपालिकेचा चालू पत्ता त्यांना तेवढाच ठाऊक, म्हणून तोही त्याच फाईलीत उतरला. ऑपरेटरच्या जागेवर कायम केल्याचा हुकूम, नाव केरबाचं. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. अकरा वर्षं! त्यानं डोळे पुसले, नाव खोडलं, कागद छापला आणि साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "कोण रे कायम झालं?"

"मेलो तरी सांगणार नाही, साहेब."

"नक्की?"

"आईची शपथ!"

साहेबांनी पेन काढून रिकाम्या जागी आपल्या मेव्हण्याचं नाव लिहिलं.

संध्याकाळी पेढे केरबानंच वाटले. आपल्या तोंडून नाव फुटलं नाही, याचा त्याला फार आनंद झाला होता.