अपुऱ्या कहाणीच्या अक्षता

“खोट्या माणसासाठी बोललेला नवस फेडावा लागतो का हो, अक्का?”

शरयू मठीच्या ओसरीवर बसली होती. मांडीवर वाचनालयातलं पुस्तक. समोर मठी सांभाळणाऱ्या अक्का देवीच्या हाराची फुलं निवडत होत्या.

“खोटा म्हणजे?”

“पुस्तकातला. कादंबरीतला मुलगा.”

अक्कांचा हात थांबला. “नीट सांग बाई.”

“अंतराळातली गोष्ट आहे. मी आपली भुताखेताच्या नाहीतर खुनाच्या कादंबऱ्या वाचणारी. दुपारी आवराआवर झाली की तेवढाच विरंगुळा. हे पुस्तक हाती आलं आणि आधी कंटाळाच आला. नुसती यंत्रं आणि आकडे. पण मग तो मुलगा एकटा पडला हो! यान भरकटलं. आतली हवा संपत आलेली. आणि इकडे त्याची आई रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन आभाळाकडे बघते…”

शरयूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“माझ्याच्यानं पुढचं पान उलटेना. तशीच उठले, देवीपुढे निरांजन लावलं आणि बोलून गेले, पोर सुखरूप घरी येऊ दे, खणानारळानं ओटी भरीन.”

“मग, आला?”

“तीच तर तक्रार! शेवटच्या पानावर आईला आभाळात एक हलता ठिपका दिसतो. की संपलं पुस्तक! त्या लेखकाचं काय जात होतं, आणखी दोन ओळी लिहायला?”

“फसवलंन् मेल्यानं,” अक्का म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

शरयूला हसू आलं नाही. व्रतवैकल्याचं काही अडलं की गावातल्या बायका तिच्याकडे येत. आज तिलाच दुसऱ्याला विचारावं लागत होतं.

“हसता काय? माझा एकही नवस आजवर बाकी राहिलेला नाही.”

“एकही?”

“एकही नाही.”

अक्कांनी एक कोमेजलेलं फूल बाजूला काढलं.

“म्हणजे…” शरयू पुस्तकाकडे बघत म्हणाली, “श्रीरंगचा तेवढा.”

श्रीरंग तिचा मुलगा. बापाशी भांडून अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडला, तेव्हा याच देवीपुढे तिनं पदर पसरला होता. नंतर कितीतरी दिवाळ्या ती त्याच्या वाटणीचा फराळाचा डबा भरून फडताळात ठेवत आली. गेल्या दिवाळीला मात्र नाही भरला. घरात कुणी विचारलंही नाही.

अक्का उठल्या. पूजेच्या तबकातल्या चिमूटभर अक्षता त्यांनी उजव्या मुठीत घेतल्या आणि शरयूसमोर मांडी घालून बसल्या.

“हं. सांग कहाणी.”

“कुठली?”

“याच पोराची. पहिल्यापासून सांग.”

“अहो, ही काय व्रताची कहाणी आहे, अक्षता धरून ऐकायला?”

“नवस बोलताना सुचलं नाही ते?”

शरयूनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग लाजत, अडखळत तिनं सुरुवात केली. हळूहळू आवाज लागला. यान सुटलं तेव्हा तिचा हात आपोआप वर गेला. आईनं निरोप कसा दिला, ते सांगताना ती पुढे झुकली.

“…आणि जाताना आईनं त्याच्या पिशवीत गूळपापडीचे लाडू घातले. नको नको म्हणत होता, तरी घातलेच.”

“अंतराळात लाडू? असं लिहिलंय त्यात?”

“लिहिलेलं नाही… पण दिले असतीलच की. आई आहे ती.”

“गूळपापडीचेच?”

“तेच आवडतात त्याला. वड्या पाडलेल्या चालत नाहीत. लाडूच…”

शरयू मधेच थांबली. अक्कांनी मान हलवली, नुसतीच, पुढे सांग म्हणून.

उरलेली कहाणी शरयूनं अगदी हळू सांगितली. आभाळातल्या ठिपक्यापाशी आली आणि डोळे पुसून म्हणाली, “झालं. एवढंच आहे.”

कहाणी पुरी झाली की हातातल्या अक्षता देवीला वाहायच्या, ही रीत. शरयू वाट बघत राहिली. अक्कांची मूठ मिटलेलीच.

“वाहा ना, अक्का.”

“आला का तो?”

“लिहिलेलं नाही म्हटलं ना.”

“बरं, मग गेला असं लिहिलंय?”

“छे! काहीतरीच काय बोलता!” शरयू एवढ्या जोरात म्हणाली की कट्ट्यावरची चिमणी उडाली.

“मग कशा वाहू?”

अक्कांनी आपल्या लुगड्याचा पदर पुढे ओढला. त्याच्या टोकाला एक गाठ होती, सुपारीएवढी. दातांनी ती सोडवली. आत आधीच काही दाणे होते. जुने, कुंकू उडून पांढरे पडलेले.

शरयू बघतच राहिली. अक्कांना मागचंपुढचं कुणी असेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“या… या कुठल्या कहाणीतल्या, अक्का?”

अक्का नदीपलीकडून येणाऱ्या वाटेकडे बघत होत्या…

मग त्यांनी मुठीतल्या अर्ध्या अक्षता त्या जुन्या दाण्यांत मिसळल्या आणि गाठ पुन्हा घट्ट केली. उरलेल्या शरयूच्या तळहातावर ठेवल्या.

“घे,” त्या म्हणाल्या, “तूही गाठ मार.”