केरोबांचं पाण्याचं गाणं

बकुळपूरच्या बागेमागे एक पिटुकली झोपडी होती. तिच्यात येसू नावाची आठ वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा राहायचे. येसू पाळण्यात असतानाच तिची आई देवाघरी गेली होती. झोपडीचं छप्पर इतकं विरलं होतं, की दुपारी जमिनीवर उन्हाचे सोनेरी कवडसे नाचायचे आणि पावसाळ्यात त्याच जागी पाणी ठिबकायचं. येसूच्या परकराला पाच रंगांची पाच ठिगळं होती. मुली हसल्या, की ती म्हणायची, "माझा परकर फुलपाखराचा आहे."

बाबांचं नाव केरोबा. ते जलतरंग वाजवायचे. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या चौदा वाट्या, काही मोठ्या, काही इवल्याशा. त्या चंद्रकोरीसारख्या मांडायच्या, कुणात काठोकाठ तर कुणात नुसतं घोटभर पाणी घालायचं, आणि वेताच्या दोन बारीक काड्यांनी त्यांच्या कडांवर हलकेच टिचकवायचं. टिंग, टुंग, टिलिंग. पाणी शहारायचं आणि त्यातून गाणं उमटायचं.

दर रविवारी उन्हं कलली, की बागेतल्या दगडी चौथऱ्यावर केरोबा वाजवायला बसायचे. कुणीही यावं, कुठेही बसावं. गाव त्याबद्दल केरोबांना आठवड्याची ज्वारी द्यायचं, आणि त्यावर बापलेकीचं पोट भरायचं.

पण पाण्याचा आवाज फार नाजूक. पानावरून दवाचा थेंब घरंगळावा, इतका नाजूक. आणि गाव यायचं ते जत्रेला आल्यासारखं. अंबूकाकू दुपारीच येऊन पुढच्या रांगेत तीन सतरंज्या अंथरून ठेवायच्या. त्यांतल्या दोन रिकाम्याच राहायच्या, पण तिथे कुणी टेकलं की काकू म्हणायच्या, "इथे आमची माणसं यायची आहेत." मग डबे उघडायचे, चिवडा वाटला जायचा आणि सुनेच्या माहेरच्या गोष्टी सुरू व्हायच्या. बळवंतराव ऊन लागतं म्हणून भलीमोठी काळी छत्री उघडून बसायचे. त्यांच्या मागच्या आठ जणांना केरोबा दिसायचेच नाहीत, नुसती छत्री दिसायची. कुणी शेंगा फोडायचं, कुणी मधूनच उठून चालू लागायचं, मुलं चौथऱ्याभोवती शिवाशिवी खेळायची. आणि कुणी काही म्हणालंच, तर उत्तर ठरलेलं असायचं. "फुकट तर आहे. त्यात काय एवढं?"

येसू चौथऱ्याच्या पायरीशी बसायची. बाबांच्या काड्या मधेच थबकायच्या, बाबा जरा वेळ थांबायचे, आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. ते फक्त तिला दिसायचं.

एका शनिवारी संध्याकाळी बाबा वाट्या पुसत बसले होते. ते म्हणाले, "येसू बाळ, उद्याचं वाजवून झालं, की या वाट्या मी ठेवून देणार."

"का हो बाबा?"

"पाण्याचं गाणं कुणाला ऐकूच जात नाही गं. मग कशासाठी वाजवायचं? सोमवारी मी वीटभट्टीवर कामाला जातो. लांब आहे. तू मावशीकडे राहा. दिवाळीला येईन मी तुला भेटायला."

 येसूने एक वाटी घेतली आणि परकराच्या टोकाने पुसू लागली. वाटी केव्हाच कोरडी झाली होती, तरी ती पुसतच राहिली.

रविवारी दुपारी येसू कळशी घेऊन बागेतल्या हौदावर पाणी आणायला गेली. तिथे मागच्या रविवारचा कचरा तसाच पडला होता. टरफलं, द्रोण, चुरगळलेले कागद. आज बाबांचा शेवटचा दिवस, निदान आज तरी बाग छान दिसू दे, असं म्हणून तिने कळशी खाली ठेवली आणि एकेक कागद वेचायला सुरुवात केली.

मोगऱ्याच्या ताटव्याखाली तिचा हात थबकला. काचेची बांगडी किणकिणावी तसा बारीक आवाज आला. येसूने पानं बाजूला सारली. रेवडीच्या चिकट कागदात एक इवलीशी परी अडकली होती. करंगळीएवढी उंच, कोवळ्या पोपटी रंगाचा झगा, केसांत दवाचे मणी. तिच्या पंखांवर कुणी इंद्रधनुष्याची चिमूट शिंपडावी, तसे सातही रंग लुकलुकत होते. पण एक पंख साखरेच्या पाकात पक्का चिकटला होता.

"ओढू नकोस हं," परी कळवळून म्हणाली. "फाटेल तो."

"नाही ओढणार," येसू म्हणाली. तिने हौदात बोट बुडवलं आणि पंखावर एक थेंब सोडला. मग दुसरा. मग तिसरा. किती वेळ ती तशीच गुडघे टेकून बसली होती. थेंबाथेंबाने साखर विरघळली आणि पंख अलगद सुटला. परीने तो झटकला, तशी मोगऱ्याच्या कळ्यांवर रुपेरी धूळ उडाली.

"माझं नाव झुळूक," परी म्हणाली. "मी या बागेच्या शांततेत राहते. पहाटे माझं घर किती ऐसपैस असतं म्हणून सांगू. पण रविवारी मला उभं राहायलाही जागा उरत नाही. मागच्या रविवारी या झुडपात लपायला आले, तर इथे हा कागद. तू आली नसतीस, तर माझं काही खरं नव्हतं. येसू, तू तीन इच्छा माग. मी पुऱ्या करीन."

येसूचे डोळे कमळफुलांसारखे विस्फारले.

"पण नियम नीट ऐक," झुळूक म्हणाली. "इच्छा कुजबुजत मागायची. ओरडलीस, की ती विरून गेली. तू मागशील ते बागेत असलेल्या सगळ्यांना सारखं लागू होईल, तुलाही आणि तुझ्या बाबांनाही. आणि सूर्य टेकडीआड गेला, की मग काही मागता येणार नाही."

उन्हं कलली. बाग नारिंगी रंगाने न्हाऊन निघाली. केरोबांनी वाट्या मांडल्या, त्यांत पाणी भरलं आणि नमस्कार करून पहिली टिचकी मारली. टिंग.

"अहो, मग विहीणबाई काय म्हणाल्या असतील?" अंबूकाकूंचा आवाज आला. शेंगा कडाकड फुटू लागल्या. बळवंतरावांची छत्री फट्‌कन उघडली. "अजून सुरात बसलेलं नाही," ते शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले. मागे एक म्हातारं जोडपं उभं होतं. बिचारे मान उंचावून पाहत होते, कान देत होते, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

येसूने डोळे मिटले आणि ती कुजबुजली, "झुळूक, सगळ्यांचे आवाज बंद होऊ देत."

एका क्षणात सगळी बाग गप्प झाली. ओठ हलत होते, शब्द उमटत नव्हते. अंबूकाकूंनी गळ्याला हात लावला. लोक घाबरून एकमेकांकडे बघू लागले. केरोबांनी समोर पाहिलं. आपल्याकडे बघणारा एकही चेहरा त्यांना दिसला नाही, सगळ्या चेहऱ्यांवर नुसती भीती. त्यांनी लेकीला हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांचाही आवाज गेलेला. त्यांच्या हातातल्या काड्या खाली आल्या.

तेवढ्यात येसूला दिसलं. दोन वर्षांची छबू दुडुदुडु धावत हौदाच्या काठाकडे निघाली होती. तिची आई मागून जिवाच्या आकांताने हाक मारत होती, पण हाक काही फुटत नव्हती. मधे माणसांची दाटी, आई पोचणार कशी?

"सगळ्यांचे आवाज परत येऊ देत," येसू घाईने कुजबुजली. तिचाही आवाज गेला होता, पण ओठांवरची ती कुजबुजही झुळूकला पोचली.

"छबू," आईची हाक बागभर घुमली. छबू काठावरच थांबली, वळली आणि आईला बघून खुदकन हसली. आईने धावत जाऊन तिला उराशी धरलं.

पण आवाज परत आले ते दुपटीने. "काय झालं हे?" "कुणी केलं?" "मी सांगतो काय झालं ते." जो तो बोलत होता आणि ऐकत कुणीच नव्हतं. केरोबांनी एक वाटी उचलली आणि तिच्यातलं पाणी हळूच जमिनीवर ओतून दिलं. वाट्या आवरायला लागले ते.

 झुळूक येसूच्या वेणीत येऊन बसली होती. ती कानाशी म्हणाली, "एकच इच्छा उरली आहे गं. सूर्य बघ, टेकडीला टेकला."

बाबांनी कुठेही जाऊ नये, हे येसूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग नियमाप्रमाणे कुणालाच कुठे जाता आलं नसतं. छबूला घरी जायचं असणार, त्या म्हाताऱ्या जोडप्यालाही. पोतंभर ज्वारी मागावी का? ज्वारीने पोट भरेल, पण बाबांचे थबकलेले हात पुन्हा कोण चालवणार? आणि लोकांची तोंडं बांधून काय झालं, ते तिने नुकतंच पाहिलं होतं.

येसूने पायरीवरून बाबांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते या चौथऱ्यावर बसत होते, त्यांना तिथून काय ऐकू येत असेल?

"झुळूक," ती कुजबुजली, "बाबांना तिथे बसून जे ऐकू येतं, ते सगळ्यांना ऐकू येऊ दे. फक्त एका गाण्यापुरतं."

मग ती चौथऱ्यावर चढली आणि बाबांचा हात धरून म्हणाली, "बाबा, एकच गाणं. माझ्यासाठी वाजवा."

लेकीचं मन केरोबांना मोडवेना. त्यांनी रिकामी वाटी पुन्हा भरली, काड्या उचलल्या आणि वाजवायला सुरुवात केली.

अंबूकाकू चिवड्याचा घास घेऊन बोलायला लागल्या आणि दचकल्या. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, कुणीतरी समोर बसून आपल्या तोंडावर बोलत असावं तसा. बळवंतरावांचा शेरा उडत गेला आणि त्यांच्याच छातीवर येऊन आदळला. प्रत्येक शेंग कपाळावर टिचकी बसावी तशी फुटत होती. पळणारी पावलं, वाजणारे डबे, खिदळणं, सगळं अंगावर धावून येत होतं. आणि त्या कल्लोळाच्या पार तळाशी काहीतरी बारीक, ओलं, निळसर वाजत होतं. टिंग, टुंग. हरवलेल्या लेकरानं गर्दीत हात वर करून आईला शोधावं, तसं ते गाणं वाट शोधत होतं.

अंबूकाकूंनी घास खाली ठेवला. "हे असं ऐकू येतं होय त्यांना?" त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी डब्याला झाकण लावलं, तेही आवाज न करता. मागे वळून त्यांनी म्हाताऱ्या जोडप्याला हाताने खूण केली आणि रिकाम्या सतरंज्यांवर बसवलं. बळवंतरावांनी छत्री मिटून मांडीवर आडवी ठेवली. मुलं जिथल्या तिथे फतकल मारून बसली. एकेक आवाज विझत गेला, तसं पाण्याचं गाणं मोठं होत गेलं. ते आता हौदावरून, मोगऱ्यावरून, शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. म्हाताऱ्या आजोबांनी डोळे मिटले आणि आजींच्या हातावर बोटानं ठेका धरला.

मधेच छबू आईच्या मांडीवर किलबिलली. आई ओशाळली. पण केरोबा हसले आणि त्यांनी सर्वांत चिमुकल्या वाटीवर तस्साच आवाज काढून छबूला उत्तर दिलं. सगळी बाग गालात हसली.

गाणं संपलं. शेवटचा सूर पाण्यात फिरत फिरत निवला, तोवर कुणी हललं नाही. मग टाळ्या झाल्या, आणि केरोबांना त्या थांबवता येईनात.

गाण्यापुरतीच असलेली इच्छा केव्हाच सरली होती. तरी कुणी बोलेना. बळवंतराव उठून चौथऱ्याशी आले. "केरोबा," ते म्हणाले, "इतक्या वर्षांत मी आज पहिल्यांदा तुमचं वाजवणं ऐकलं. माझं चुकलं."

अंबूकाकूंनी येसूला जवळ घेतलं. "पुढच्या रविवारी काय वाजवणार बाबा?"

"बाबा उद्या वीटभट्टीवर जाणार आहेत," येसू म्हणाली.

"वीटभट्टीवर? हे हात विटा उचलणार?" काकू केरोबांकडे वळल्या. "ते काही नाही. आमच्या घराशेजारची खोली रिकामी आहे. तिथे राहायला या, आणि गावातल्या पोरांना शिकवा. त्यांना ऐकायला शिकवा आधी. आम्हीही मागे बसू."

केरोबांनी उपरणं डोळ्यांना लावलं. त्यांनी मान हलवली, ती होकाराची होती.

येसू धावत हौदाकडे गेली. सूर्याचा शेवटचा लाल काठ टेकडीवर उरला होता. झुळूक पाण्यावर तरंगत होती. तिचे पंख आता मोठे, झळझळीत झाले होते.

"तिन्ही इच्छा तू दुसऱ्यांसाठी खर्चल्यास," परी म्हणाली. "म्हणून हे माझ्याकडून, न मागता. तू मोठी होशील, वाजवशील. कधी हजारो माणसं असतील, कधी दोनच. पण तू जिथे वाजवशील, तिथे निदान एक जण तरी जीव लावून ऐकेल. तुला तो ओळखू येईल."

"तू परत येशील का गं?"

"मी कुठे जातेय? जागा मिळाली की मी आहेच."

झुळूकने पंख पसरले. सात रंग एकमेकांत मिसळले, त्यांचा शुभ्र उजेड झाला, हौदावरून बागभर सांडला, झाडांच्या पानापानांवर क्षणभर थरथरला आणि निवला.

"येसू," बाबांनी हाक मारली. ते चौथऱ्यावर थोडे सरकून बसले होते आणि त्यांनी शेजारी तिच्यापुरती जागा केली होती. माणसं अजून बसलेलीच होती. बाबांनी काड्या तिच्या हातात दिल्या.

येसूने समोर पाहिलं. अंबूकाकूंच्या सतरंजीवर, अगदी पुढे, छबू गालावर मूठ टेकवून, श्वास रोखून तिच्याकडे बघत होती.

येसूने काडी उचलली.