कापडाची धर्मशाळा

एकदा एक वृद्ध स्थपती आपल्या शिष्याचे पहिले स्वतंत्र काम पाहण्यासाठी डोंगरातल्या एका गावी आले. शिष्याचे नाव रंगनाथ. गावावरून खिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर कुठेही आडोसा नव्हता. मागच्या पावसाळ्यात एक वाटसरू गारठून दगावला, तेव्हा गावकऱ्यांनी धर्मशाळा बांधायचे ठरवले आणि काम रंगनाथाकडे सोपवले. त्याने गावासमोरचा उंचवटा निवडला होता. तीन मजली इमारत, आणि प्रत्येक खिडकीतून समोरचा कडा दिसणार!

"खोल्या किती?" गुरूंनी विचारले.

"बारा, गुरुजी."

"उद्या पाया खणू नकोस. इथे इमारतीएवढे उंच बांबू उभे कर आणि त्यांवर कापड ताण."

रंगनाथ मनातून खट्टू झाला. गुरूंचा आपल्यावर विश्वास नाही, असेच त्याला वाटले. तरी गावातली जुनी धोतरे, चादरी, गोधड्या गोळा करून संध्याकाळपर्यंत त्याने तो डोलारा उभा केला.

सकाळी खालच्या आळीतली साळूबाई तरातरा वर आली.

"अरे बाबा, माझा कडा कुठं नेलास? उठल्या उठल्या त्याला हात जोडते मी. आज बघते तर समोर कुणाचं तरी धोतर!"

गुरुजी खळखळून हसले. रंगनाथाला मात्र हसू आले नाही. तो तिच्यामागोमाग तिच्या अंगणात गेला. वाळत घातलेली नाचणी सावलीत पडली होती आणि कड्याचे टोकसुद्धा दिसत नव्हते. बारा खोल्यांना जे दाखवायला तो निघाला होता, ते साऱ्या गावापासून हिरावून घेणार होता.

परत येऊन तो गुरूंपाशी बसला. "मग धर्मशाळा बांधूच नये का, गुरुजी?"

"बांधायलाच हवी. माणसाला उघड्यावर मरू देऊन डोंगर राखला, तर ते राखणे कसले? पण या डोंगराने आपल्याला पाणी दिले, दगड दिला, डोळ्यांना हे वैभव दिले. एवढे घेतल्यावर त्याच्यापुढे छाती काढून उभे राहायचे की त्याच्या कुशीत बसायचे, हे बांधणाऱ्याने ठरवायचे असते. मी नुसते सांगितले असते तर तू ऐकले असतेस. तुला दिसले नसते."

रंगनाथाने त्याच दिवशी नवा आराखडा आखला. उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर, ऐनाच्या झाडांमध्ये, बारा बैठ्या खोल्या उभ्या राहिल्या. झाड आडवे आले तिथे भिंत वळली.

पुढच्या पावसाळ्यात रंगनाथ तिथे मुक्कामाला असताना एक जोडपे तान्ह्या बाळाला पोटाशी धरून, ओलेचिंब होऊन आत आले. चुलीपाशी अंग शेकता शेकता तो माणूस म्हणाला, "वाटेवर चुन्यानं रंगवलेले दगड होते म्हणून घर सापडलं हो. मघाशी पाऊस उघडला तेव्हा खालून बघितलं, तर नुसता कडाच दिसत होता!"

ही तक्रार होती की स्तुती, हे त्यालाही ठाऊक नसावे. रंगनाथाचे डोळे मात्र भरून आले. मनोमन त्याने गुरूंना नमस्कार केला आणि चुलीत आणखी एक लाकूड सारले.