दगडात उमटलेले हात

तांबनदी जिथं डोंगराला वळसा घालते, तिथं काळेखडक नावाचं गाव आहे. गावाच्या पाठीशी दगडाची जुनी खाण. त्या खाणीच्या कपारीत धुंडानाथ महाराज येऊन राहिले होते. कुठून आले ते कुणी विचारलं नाही, महाराजांनीही सांगितलं नाही. कोरडा, उंच देह. गुडघ्यापर्यंत पोचतील असे लांब हात. डाव्या हाताची करंगळी अर्धीच. लहानपणी उसाच्या चरकात गेली म्हणायचे, आणि हसायचे, "तेवढा धुंडा आधीच देवाघरी पोचलाय. बाकीचा वाटेवर आहे."

महाराजांचं सांगणं काही मोठं नव्हतं. संध्याकाळी खाणीत पंगत बसे. येईल त्यानं बसावं आणि शेजारी कोण बसलंय हे विचारू नये. ज्याला हे पटलं, त्याच्या गळ्यात महाराज काळ्या दगडाचा एक मणी बांधत. बस्स, एवढाच पंथ!

पण एवढंही देशमुख रायाजीरावांच्या डोळ्यांत सललं. "आज एका ओळीत जेवतायत, उद्या एका ओळीत माझ्या दारावर येतील," ते म्हणाले आणि त्यांनी दवंडी पिटली. मणीवाल्यानं चावडीपुढं यायचं, मणी टाचेखाली घ्यायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "धुंडानाथ माझा गुरू नव्हे." जो म्हणणार नाही, त्याच्या पाठीवर आसूड.

एका तेल्याची पाठ सोलून निघाली, तशी बाकीच्यांची जीभ भराभर वळली. दिवस उजाडायच्या आत गावातले मणी कणग्यांत गेले, चुलीमागं गेले, विहिरीत गेले. खाणीतली पंगत ओस पडली. महाराज म्हणाले, "भिऊन काढला त्याच्यावर माझा राग नाही. मातीत पडला तरी मणी माझाच आहे."

एकाच गळ्यात तो उरला. हणमव्वा वडारणीच्या.

हणमव्वा जात्यांना टाकी लावायची. दळून दळून जात्याचे दगड गुळगुळीत झाले की दाणा नुसता घसरतो, पीठ पडत नाही. मग हणमव्वा येऊन छिन्नीनं दगडाच्या आतल्या अंगावर बारीक खाचा पाडून द्यायची. टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं मूठभर पीठ कुणी खात नाही, त्यात दगडाची कच असते. ते टाकून द्यायचं, मग घरादाराला मऊ भाकर.

त्या दिवशी ती वाड्यावर आली होती. रायाजीरावांच्या मातोश्री आऊसाहेब यांनीच तिला बोलावलं होतं. चौकात जातं उघडून ती बसली. टक, टक, टक. आणि टाकीच्या तालावर हलकेच ओवी.

दगडाच्या गं पोटी । टाकीनं केली वाट
नाथाच्या गं नावाशी । माझ्या जिवाची गाठ

रायाजीराव सदरेवर पान लावत होते. त्यांचा हात थांबला. ते चौकात आले तेव्हा तिच्या गळ्यातला मणी उन्हात चमकत होता. आपल्याच घरात! आपल्याच जात्याशी!

"काय गं, दवंडी ऐकली नाहीस?"

"ऐकली की, सरकार."

"मग काढ तो. आणि म्हण."

हणमव्वानं छिन्नी खाली ठेवली. दोन्ही हात पदरात घेतले. "भ्या वाटतंय, सरकार. खोटं कशाला सांगू? पर त्ये म्हणवत न्हाई."

आऊसाहेब लगबगीनं पुढं झाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "बाई गं, नुसतं तोंडानं म्हण. मनात काय ठेवायचं ते ठेव. कुणाला दिसतंय?"

"आऊसाब, टाकी आतल्या अंगालाच असती. कुणाला दिसत न्हाई. पर पीठ सांगतं."

रायाजीरावांच्या कानशिलाची शीर उडाली. चाकरीतले गडी खांबाआड उभे होते, ऐकत होते. एका वडारणीनं हे बोलावं! "ज्या हातांचा एवढा तोरा," ते म्हणाले, "ते हातच ठेव दगडावर. बघू तुझा नाथ वाचवतो का."

दोन गड्यांनी मनगटं धरून तिचे हात खालच्या दगडावर दाबून धरले. दोघांनी वरचा दगड उचलला. हणमव्वानं डोळे मिटले आणि एकदाच हाक मारली, "नाथा!"

दगड पडला.

आवाज यायला हवा होता. हाडांचा, किंकाळीचा, कशाचा तरी. काहीच आलं नाही. चौकातल्या चिमण्या तेवढ्या उडाल्या. हणमव्वानं आपले हात काढून पदरात गुंडाळले आणि कुणाकडे न बघता ती खाणीच्या वाटेनं चालू लागली. रायाजीराव मोठ्यानं हसले. हसताना आपलं हसू परक्याचं वाटतंय, असं त्यांना वाटून गेलं.

दुपारी ते जेवायला बसले आणि आवाज सुरू झाला.

टक. टक. टक.

"जात्याशी कोण आहे रे?" गडी धावला, पांढराफटक होऊन परतला. "कुनी न्हाई, सरकार. छिन्नी पडलीया तशी पडलीया."

तिन्हीसांजेला तो आवाज उंबऱ्यात आला. दुसऱ्या दिवशी भिंतीत, मग घोड्याच्या पाण्याच्या दगडी डोणीत. पाण्यावर प्रत्येक ठोक्याला एक बारीक कडं उमटायचं, आणि घोडे तहानलेले असूनही तोंड लावायचे नाहीत. गावातली कुत्री भुंकायची थांबली. सगळी खाणीकडे तोंड करून बसली. रायाजीरावांनी कानांत कापूस घातला, तर तो आवाज छातीच्या फळीतून येऊ लागला. जणू कुणी आतल्या अंगाला खाचा पाडतंय.

"ते जातं फोडून टाका!" ते ओरडले.

गड्यांनी वरचा दगड बाजूला केला आणि ते मागं सरकले. खालच्या दगडात दोन हात उमटले होते. ओल्या मातीत उमटावेत तसे खोल. नखं, रेषा, बोटांची पेरं, सगळं. पण ते हणमव्वाचे नव्हते. लांब होते, पुरुषाचे होते. आणि डाव्या हाताची करंगळी अर्धी होती.

आऊसाहेब खाली बसल्या. मग उठून आत गेल्या, कणगीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी काढलं आणि मुलासमोर गळ्यात बांधलं. काळा मणी.

"आई, तूसुद्धा?"

"मी भ्याले रे, रायाजी. त्या बाईला लबाडी शिकवायला गेले. आता तुझ्या आसुडापेक्षा मला या टकटकीचं भय वाटतं. मार मला. नाहीतर खाणीत जा."

सूर्य बुडत होता. रायाजीराव एकटेच निघाले. पायाखालचा प्रत्येक दगड ठोके देत होता. खाणीच्या तोंडाशी धुकं साचलं होतं, आणि आत चूल पेटलेली होती. चुलीशी हणमव्वा भाकरी थापत होती. दोन्ही हातांनी! धड, शाबूत, पिठानं पांढरे झालेले हात. तिनं घास मोडला आणि शेजारी बसलेल्या महाराजांच्या मुखात घातला. महाराजांचे दोन्ही हात रुईच्या पानांत बांधलेले होते. पानांतून रक्त पाझरत होतं.

"ये, रायाजी," महाराज म्हणाले. "हात जोडता येत नाहीत, तेवढं मनावर घेऊ नकोस. तुझ्या घरचा दगड मोठा जड आहे रे!"

रायाजीराव चुलीपुढं येऊन थांबले. म्हणाले, "शाप द्या महाराज. पण हा आवाज थांबवा."

"तो मी लावलेला नाही. दगड गुळगुळीत झाला होता, दाणा नुसता घसरत होता. टाकी लागतेय. लागू दे."

रायाजीराव महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराजांनी पाय मागं घेतले आणि हनुवटीनं हणमव्वाकडे खूण केली. "माझं काय घेऊन बसलास? हाक तिनं मारली. भ्यालेली असून मारली."

ज्या बाईच्या सावलीलाही त्यांनी कधी जवळ केलं नव्हतं, तिच्या पायांवर देशमुखांनी कपाळ टेकलं. हणमव्वा संकोचून मागं सरली. "उठा, सरकार. भाकर करपतीया."

आणि रायाजीरावांच्या ध्यानात आलं, की आवाज थांबलाय. खाण नुसती शांत होती. दूर गावात एक कुत्रं भुंकलं, मग दुसरं.

त्या संध्याकाळी पंगतीला तिघंच होते. रायाजीरावांच्या भाकरीत कच निघाली. दात करकरले. हणमव्वा ओशाळली, म्हणाली, "माझ्या जात्याला कालच टाकी लावलीया. पयली मूठ टाकायची ऱ्हायली वाटतं."

"असू दे," रायाजीराव म्हणाले, आणि त्यांनी ती भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

गावातले मणी एकेक करून कणग्यांतून बाहेर आले. तेल्याच्या दारी देशमुख स्वतः गेले, त्याच्या पाठीला हळद लावायला. वाड्यातल्या त्या जात्यावर पुन्हा कुणी दळलं नाही. आऊसाहेब रोज त्या दोन हातांवर फूल ठेवीत आणि शेजारच्या नव्या जात्यावर गात:

वरून आला गं दगड । खाली नाथाचे हात
माझ्या गं लेकराची । सरली अवसेची रात

काळेखडकात अजूनही टाकी लावलेल्या जात्याची पहिली मूठ टाकून देत नाहीत. तिची भाकरी करतात, आणि घरातला जो सगळ्यांत ताठ मानेचा असेल, त्याच्या ताटात वाढतात. तो मान खाली घालून ती खातो.