हिरड्याची बिडी

माझा दादा सोपान झाडांवरचं दगडफूल खरवडून मसालेवाल्यांना विकायचा. गावाशेजारी कारखान्याची चिमणी उभी राहिली आणि दादा खोकू लागला. गेल्या महिन्यात तो गेला.

चौकशीला अधिकारी आले, तेव्हा मॅनेजर कुलथे हसत म्हणाले, "साहेब, सोपान दिवसभर बिडी ओढायचा. त्यात आमच्या धुराचा काय दोष?"

मी त्यांच्या अंगावर जाणार होतो, पण वहिनीने हात धरला. मग मी सालीचे दोन तुकडे आणून टेबलावर ठेवले.

"साहेब, दादा बिडी ओढायचा, खोटं कशाला बोलू? ही साल पलीकडच्या खोऱ्यातल्या हिरड्याची, दगडफुलाने भरलेली. आणि ही चिमणीजवळच्या हिरड्याची. हिच्यावरही असंच होतं. चिमणी आली आणि सगळं वाळून गळालं. मॅनेजरसाहेबांनी एवढंच सांगावं, या हिरड्याला बिडी कोण पेटवून देत होतं?"

अधिकाऱ्यांनी दोन्ही साली पिशवीत घातल्या आणि तपास होईपर्यंत चिमणी बंद ठेवायला सांगितलं.

घरी आल्यावर वहिनीने दादाची खरवडणी पुसून माळ्यावर ठेवली. म्हणाली, "असू दे भावजी. झाडांवर दगडफूल परत आलं की लागेल."